मांजरीची लाळ आणि आपली पाकी

ईद जवळ आली की घराघरांत धुणंपुसणं सुरू होतं. पडदे उतरतात, सतरंज्या गच्चीवर जातात, आणि ज्या घरात मांजर आहे तिथं तिचाही नंबर लागतो. अमरावतीत आमच्या शाळेतली मुलं मोठ्या अभिमानाने सांगतात, "सर, कल बिल्ली को नहलाया." आणि त्याच दमात पुढचं वाक्य येतं, "उसके मुँह से लार गिर रही थी."

या दुसऱ्या वाक्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. कोणी म्हणतं थंडी वाजली, कोणी म्हणतं नजर लागली. माझं म्हणणं असं की अंघोळीनंतर गळणारी लाळ ही मांजरीची तक्रार आहे. ती ऐकायला शिकलं पाहिजे, कारण कधी ती साधी असते तर कधी जिवावरची.

आधी साधी तक्रार. मांजरीला पाण्याची भीती वाटते, तिला पकडून ठेवलं की ती आणखी घाबरते. भीतीने मळमळतं आणि तोंडाला पाणी सुटतं. दुसरं कारण चवीचं. अंगावर राहिलेला साबण ती चाटते, तो कडू लागतो आणि तोंडाला फेस येतो. अशी लाळ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत थांबते. मांजर एका कोपऱ्यात बसून अंग चाटू लागते, नंतर दूधपाण्याकडे वळते. अशा वेळी ओल्या फडक्याने राहिलेला साबण पुसावा, प्यायला ताजं पाणी ठेवावं आणि तिला निवांत बसू द्यावं.

जिवावरची तक्रार वेगळी असते. अकोल्याच्या एका नातेवाइकांचा फोन आला होता. "मांजरीले आंघोळ घातली त सारखी लाळ गळून राह्यली, पायबी लटपटून राह्यले." अंघोळ कशाने घातली, हा माझा पहिला प्रश्न. फरशी पुसायच्या पाण्यात टाकतो तेच जंतुनाशक, दोन झाकणं, असं उत्तर मिळालं. हेतू चांगला होता, जंतू मरावेत एवढाच. कोमट पाण्याने अंग धुऊन तिला तसंच डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. ती मांजर वाचली. सगळ्याच वाचत नाहीत.

कारण मांजरीच्या यकृतात आहे. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत फिनॉल जातीची रसायनं ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती पद्धत मांजरीत फार दुबळी आहे. पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं आणि काळं फिनाइल तिच्यासाठी विष ठरतं ते यामुळे. ताप उतरवायची पॅरासिटामॉलची गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या पावडरी, शाम्पू आणि मानेवर टाकायचे थेंब यांत अनेकदा परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहन करतो. मांजरीला मात्र लाळ, थरथर आणि शेवटी झटके येतात, कधी काही तासांत, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून "कुत्र्याचं आहे, मांजरीलाही चालेल" हे दुकानदार म्हणाला तरी मानू नये.

मांजर स्वतःला जिभेने धुते. जॉर्जिया टेकच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं की तिच्या जिभेवरचे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात. ते तोंडातली लाळ उचलून केसांच्या मुळापर्यंत पोचवतात. म्हणजे लाळ हेच तिचं अंघोळीचं पाणी. याचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा. मांजरीच्या अंगाला जे लावलं ते तिच्या तोंडात घातलं. जे तिला बशीत द्यायची आपली हिंमत होणार नाही, ते तिच्या पाठीवरही ओतू नये.

मग अंघोळ घालावीच का? इथं पाकीचा प्रश्न येतो. जा-नमाजवर मांजर बसली, तिची लाळ लागली, म्हणून अनेक घरांत तिला धुतलं जातं. हजरत अबू कतादा यांची रिवायत मुवत्ता, अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. वुजूसाठी ठेवलेल्या पाण्याकडे मांजर आली तेव्हा त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. सून नवलाने पाहू लागली, तेव्हा त्यांनी सांगितलं की मांजर नापाक नाही, ती घरात तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असं रसूलुल्लाह यांनी फरमावलं आहे. हनफी फिकहात दुसरं पाणी असताना तिचं उष्टं वापरणं नापसंत मानलं आहे, नापाक नव्हे. म्हणजे आपली नमाज व्हावी म्हणून तिला बादलीत बुडवण्याची गरज दीनने सांगितलेली नाही. ती गरज आपण लावून घेतली आहे.

अंगाला तेल, रंग किंवा रॉकेल लागलं तर धुवावंच लागतं. तेव्हा कोमट पाणी आणि मांजरीसाठीचाच शाम्पू वापरावा, डोकं कोरडं ठेवावं, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. ते आधी हाताने पाहावं. त्याच दिवसांत मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल आणि लाळ गळत असेल, तर तो उष्माघात असू शकतो.

लाळ तासाभराने थांबली नाही, उलटी, थरथर, झोकांड्या किंवा जिभेवर फोड दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नये. मीठ-पाणी पाजून उलटी तर मुळीच काढू नये. वापरलेली बाटली सोबत घ्यावी आणि पशुवैद्यकाकडे जावं. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, गावोगावी सरकारी पशुदवाखाने आहेत, १९६२ हा पशुसेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. गाय-बैलासाठी आपण तिथं जातो, मांजरीसाठी जायला लाजतो. "बिल्लीच तर आहे" म्हणून.

मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना लहानपणीच ऐकवतो. ती ऐकून मुलं मांजरीला दूध देतात, हे चांगलंच. पण दयेला माहितीची जोड नसेल तर तीच मुलं प्रेमाने तिच्यावर विष ओततील. म्हणून यंदा ईदच्या साफसफाईत सतरंज्या धुवा, पडदे धुवा. मांजर आपली आपण धुऊन घेते.