अंगणवाडीचा खाऊ पेरणीच्या वेळीच ठरवावा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी बी-बियाणे, खते व औजारे यांच्या जुळवाजुळवीस लागतो. कोणत्या रानात सोयाबीन घ्यावयाचे, तुरीची तासे किती ठेवावयाची, हे घरोघर ठरते. परंतु गावच्या अंगणवाडीत बसणाऱ्या बालकांना वर्षभर मधल्या वेळी काय खावयास मिळणार, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. तो पेरणीच्या वेळीच आला पाहिजे, असे माझे मत आहे.

तीन ते सहा वर्षांच्या बालकाचे पोट लहान असते, पण वाढ वेगाने होत असते. त्यामुळे मोठ्या माणसाप्रमाणे दोन वेळच्या जेवणावर त्याचे भागत नाही. त्याला थोडे थोडे, परंतु सकस अन्न वारंवार मिळावे लागते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत या वयाच्या बालकास सकाळचा नाश्ता व गरम शिजवलेला आहार मिळून दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे २००९ साली ठरले होते. वर्षातून ३०० दिवस हा आहार द्यावयाचा असतो. मात्र ही पूरक तरतूद आहे. उरलेला भाग घराने भरून काढावयाचा आहे. प्रत्यक्षात आई भल्या सकाळी खुरपणीस जाते आणि मूल चहात बुडवलेले बिस्कीट खाऊन अंगणवाडीत येते. बिस्किटात मुख्यतः मैदा व साखर. चहामुळे तर अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळाच होतो.

आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्या वर्षी रान उघडे पडले होते, म्हणून बाहेरून आलेली सुकडी मुलांच्या हातावर ठेवावी लागली. आज रानात पीक उभे असूनही मुलाचा खाऊ दुकानातील पुड्यातून यावा, ही गोष्ट मनास लागते. यात शेतकरी बंधूंचाच दोष आहे असे नव्हे. शेतीविस्ताराचे काम करणारे आम्ही लोक हेक्टरी उतारा व बाजारभाव यांविषयी जितके बोललो, तितके घरच्या ताटाविषयी बोललो नाही. ज्वारीच्या रानातील मूग, मटकी, तीळ, अंबाडी यांची तासे कमी होत गेली, तेव्हा मुलांच्या तोंडचा घासही कमी होत आहे, हे आम्ही सांगावयास हवे होते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागडी साधने न आणता परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकविण्याची साधने केली. जे साधनांचे, तेच खाऊचे. हरभऱ्यात शेकडा सुमारे २०, भुईमुगाच्या दाण्यात सुमारे २५ आणि सोयाबीनमध्ये सुमारे ४० भाग प्रथिने असतात. ही पिके आपल्याच मातीत येतात.

आठवड्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. सोमवारी डाळ्याचे पीठ व गूळ यांचा लाडू. मंगळवारी मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची मऊ शिजवलेली उसळ, वर लिंबाचा रस. बुधवारी शेवग्याचा किंवा मेथीचा पाला घातलेले ज्वारीचे धपाटे. गुरुवारी पुन्हा डाळ्याचे पीठ, या वेळी ताकात कालवून. शुक्रवारी शेंगदाणे व तीळ यांच्या कुटाचा लाडू. शनिवारी ज्वारीच्या रव्याचा भाज्या घातलेला उपमा व पपईची फोड. लिंबामुळे कडधान्यातील लोह अंगी लागते. सोयाबीन कच्चे कधीही देऊ नये. भिजवून, चांगले उकडून, वाळवून दळावे व धपाट्याच्या पिठात दहास एक या प्रमाणात मिसळावे. अखंड शेंगदाणे किंवा फुटाणे लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती असते, म्हणून ते कुटूनच द्यावेत. बुरशी लागलेला दाणा तर मुळीच वापरू नये.

कोणी म्हणेल, सोयाबीनचा रोख पैसा सोडून मूग-मटकी कोणी पेरावी? सोयाबीन सोडा असे मी म्हणत नाही. हिशेब पाहा. अंगणवाडीत २५ बालके आहेत व आठवड्यातून दोन वेळा प्रत्येकी २० ग्रॅम डाळे द्यावयाचे आहेत, असे धरू. एका वेळी अर्धा किलो लागतील. ५० आठवड्यांत १०० वेळा म्हणजे अवघे ५० किलो. भाजून साल काढताना येणारी घट धरून थोडा अधिक हरभरा घ्यावा लागेल. तीस शेतकऱ्यांनी सुगीच्या वेळी दोन-दोन किलो बाजूला काढले, तरी हे काम भागते. खरिपात दोन तासे मुगाची, बांधावर एक शेवगा, सांडपाण्यावर दोन पपया, एवढ्याने उरलेली गरज बरीच भागेल.

दुसरा आक्षेप असा की, सरकार आहार देत असता गावाने का द्यावे? गावाने सरकारचे काम आपल्या अंगावर घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. ठरलेला आहार वेळेवर व पुरेसा मिळतो की नाही, हे गावाने जागरूकपणे पाहिलेच पाहिजे. परंतु मूल गावचे आहे, आणि त्याच्या वाढीची ही वर्षे पुन्हा येत नाहीत.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांस विनंती आहे की, पेरणीपूर्वीच्या बैठकीस अंगणवाडी सेविकेस अवश्य बोलवावे. किती बालके आहेत व काय लागेल, हे तिच्या तोंडून शेतकऱ्यांनी ऐकावे. आलेले धान्य वाळवून, निवडून, झाकणाच्या डब्यात ठेवावे व त्याची नोंद करावी. शेतकरी बंधूंनी पुढील हंगामाचे बियाणे जसे आधी राखून ठेवावयाचे, तसेच हे दोन किलोही विक्रीपूर्वी राखून ठेवावेत. बियाणे राखणारा शेतकरी पुढच्या सुगीची काळजी घेतो. मुलाचा घास राखणारा त्याहून पुढच्या सुगीची.