एका मिनिटाची पैज

जुन्या मुंबई इलाख्यात 1887 साली जुगारास प्रतिबंध करणारा जो कायदा झाला आणि जो महाराष्ट्रात आजही अमलात आहे, त्यात कापसाच्या व अफूच्या बाजारभावावर लावलेल्या पैजांबरोबरच पाऊस पडेल की न पडेल, यावरील पैजेचाही स्पष्ट शब्दांत उल्लेख आढळतो. कारण पर्जन्याचा सट्टा हा त्या काळच्या मुंबईतला एक भरभराटीचा धंदा होता. सोन्याचा अथवा डॉलरचा भाव येत्या एका मिनिटात चढेल की उतरेल, एवढे एकच भाकीत वर्तवावयास लावून अंदाज बरोबर ठरल्यास ठराविक रक्कम देणारा आणि चुकल्यास लावलेले सर्व पैसे गिळंकृत करणारा ‘बायनरी ऑप्शन’ हा प्रकार त्याच कुळातला असून, केवळ त्याच्या अंगावर आलेखांचा आणि अर्थशास्त्रीय परिभाषेचा पोशाख चढविलेला असल्यामुळे सुशिक्षित तरुणही त्याला गुंतवणूक समजून बसतात.

नवशिक्याने यात प्रवेश करण्यापूर्वी काय शिकावे, असे हल्ली फार विचारले जाते. या प्रश्नामागे असे गृहीत आहे की, अभ्यासाने आणि सरावाने येथे प्रावीण्य मिळते. ते गृहीतच मला मान्य नाही.

शंभर रुपये लावले आणि अंदाज खरा ठरला, तर ऐंशी रुपये नफा; खोटा ठरला, तर शंभरही गेले, अशी अट धरून चालू. एका मिनिटाच्या चढउतारात कोणाचेही भाकीत नाणेफेकीहून फारसे सरस असत नाही. तेव्हा शंभर सौद्यांपैकी पन्नास साधले, तर चार हजार येतात आणि पाच हजार जातात. पंचावन्न साधले तरीही शंभर रुपयांचा तोटाच उरतो. छप्पन साधतील तेव्हा कोठे ऐंशी रुपये हाती लागतात. यावर उपाय म्हणून टेलिग्रामवरील स्वयंघोषित गुरू प्रत्येक पराभवानंतर रक्कम दुप्पट करावयास सांगतात. परंतु शंभर, दोनशे व चारशे असे लागोपाठ गमावल्यावर चौथ्या वेळी आठशे लावून जिंकले, तरी पदरात पडतात सहाशे चाळीस आणि आधी गेलेले असतात सातशे. म्हणजे जिंकूनही माणूस साठ रुपयांनी तोट्यातच! हे तिसरी-चौथीतले गणित पदवीधरांच्या ध्यानात का येत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

गणिताहूनही गंभीर बाब म्हणजे समोरचा पक्ष कोण, ही. मान्यताप्राप्त शेअर बाजारात तुमच्या सौद्यापुढे दुसरा ग्राहक उभा असतो आणि व्यवहार पुरा होण्याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते. येथे मात्र बहुधा ॲप चालविणारी पेढीच तुमच्याविरुद्ध पैज लावते, भाव तीच दाखविते, मुदत संपल्याचा क्षण तीच ठरविते आणि तुमची रक्कमही तिच्याच तिजोरीत असते. फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि खजिनदार अशी चारही कामे एकाच इसमाकडे असावीत, तशातला हा प्रकार. तोटा होईल अशा रीतीने सॉफ्टवेअर फिरविले जाते आणि पैसे काढू दिले जात नाहीत, अशा तक्रारींकडे अमेरिकेच्या नियामकांनी 2013 सालीच लक्ष वेधले होते. ‘बोनस’ स्वीकारावा, तर त्याच्या कित्येक पट उलाढाल झाल्याखेरीज स्वतःची मूळ रक्कमही काढता येत नाही, अशी अट बारीक अक्षरांत दडलेली असते.

या धंद्याचे मोठे ठाणे इस्राएलमध्ये होते. तेथील सरकारने प्रथम, 2016 साली, स्वतःच्या नागरिकांपुरती मनाई केली आणि परदेशी ग्राहकांस लुबाडण्याचा मार्ग मोकळाच राहिला. अखेरीस ऑक्टोबर 2017 मध्ये संसदेने 53 विरुद्ध शून्य मतांनी संपूर्ण व्यवसायच बेकायदा ठरविला. युकॉम या तेथील पेढीची प्रमुख ली एल्बाझ हिला अमेरिकेतील न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये 22 वर्षांच्या कारावासाची शिक्षा फर्माविली. तिच्या हाताखालचे विक्रेते खोटी नावे धारण करून, आपण ग्राहकाचे हितचिंतक आहोत, असे भासवीत असत. किरकोळ ग्राहकांना हा माल विकण्यास युरोपीय संघाने 2018 मध्ये, ब्रिटनने 2019 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे सेबीच्या मान्यताप्राप्त बाजारांत हे सौदे होतच नाहीत, आणि रिझर्व्ह बँकेने 2022 पासून प्रसिद्ध केलेल्या सावधगिरीच्या यादीत अशा अनेक परदेशी मंचांची नावे नमूद आहेत. परकीय चलनाच्या कायद्याचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद असून तिचा रोख ग्राहकावरही येऊ शकतो. सबब फसविला गेलेला मनुष्य दाद मागण्यास कचरतो, आणि फसविणाऱ्यास नेमके तेच हवे असते.

कोणी म्हणेल की, कायदेशीर वायदे बाजारात तरी काय वेगळे घडते? सेबीच्याच पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील शंभरांपैकी 93 व्यक्तींनी तोटाच सोसला. हा आक्षेप रास्त आहे, आणि नवशिक्याला त्या मार्गाने जाण्याचा सल्लाही मी देणार नाही. परंतु तेथे जिंकलेले पैसे निदान मिळतात आणि तक्रार ऐकणारी कचेरी तरी असते.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी ते सोडवून घेण्यासाठी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ म्हणून मागितलेला एक रुपयाही आणखी भरू नये, रक्कम परत मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये, आणि संकोच बाजूस ठेवून सायबर गुन्ह्यांच्या 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.