नळीचा घाम आणि छातीतील धाप

धिंगरी अळिंबी, म्हणजे ज्याला आता सगळे ऑईस्टर मश्रूम म्हणतात, तिची लागवड आपल्याकडे गोठ्याशेजारच्या खोलीत, माडीवर, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होऊ लागली आहे. भांडवल थोडे, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार घरचे, आणि महिना-सव्वा महिन्यात पीक हाती. उद्योग चांगला आहे, त्याला माझा विरोध नाही. पण डॉक्टर म्हणून या खोल्यांतील एक गोष्ट मला खटकते. ती म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळीखाली ठेवलेली बादली.

नळीला घाम सुटतो, थेंब पिशव्यांवर पडतात, म्हणून खाली बादली. पुष्कळांना वाटते की नळी कुठेतरी गळते आहे. माठ पाझरतो ते पाणी माठातले असते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जमते ते मात्र हवेतले. नळीचे पाणी या दुसऱ्या जातीचे. धिंगरीच्या खोलीत 80 ते 85 टक्के आर्द्रता ठेवावी लागते. खोलीचे तापमान 25 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर साधारण 22 अंश किंवा त्याहून थंड असलेल्या कशावरही दव धरणारच. एसीची गार हवा आणणारी पत्र्याची नळी यापेक्षा सहज थंड असते. हिवाळ्यात याच्या उलट घडते. दमट हवा बाहेर टाकणारी नळी गारठलेल्या पत्र्याखालून जाते आणि पाणी तिच्या आतल्या बाजूला सुटते. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि उतार चुकला असेल तर उलटे वाहत पंख्याच्या मोटारीवर येते. शॉक लागण्याचा धोका वेगळाच.

आता मंडळी काय करतात? पंखा बंद करतात, नाहीतर नळीच्या तोंडात पोते कोंबतात. थेंब थांबतात, खोली दमट राहते, पाणी फवारण्याचे श्रमही वाचतात. वरवर सगळा फायदाच! माझा आक्षेप नेमका याच उपायावर आहे. नळीतून बाहेर जाणारी हवा फक्त बाष्प नेत नाही, ती अळिंबीचे बीजाणूही बाहेर नेते. धिंगरीच्या छत्र्या पूर्ण उलगडल्या की त्यांतून डोळ्यांना धुरासारखे दिसावेत इतके बीजाणू सुटतात. ते बाहेर गेले नाहीत, तर आत काम करणाऱ्याच्या छातीत जातात. आणि ओल्या नळीवर काडाची धूळ बसून जी काळी-हिरवी बुरशी धरते, तिची यात भर पडते.

अशा रुग्णांची हकीकत साधारण एकाच साच्याची असते. सकाळी तोडणी केली, दुपारनंतर किंवा संध्याकाळी अंग मोडून आले, थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. चार दिवस लग्नाला गावी गेले की एकदम ठणठणीत, परत आल्यावर पुन्हा तेच. खोलीत गेल्यावर 4 ते 8 तासांनी त्रास होत असल्यामुळे खोलीचा संशय कोणाला येत नाही. मग कोणी मलेरियाच्या गोळ्या घेतो, कोणी शेजाऱ्याचा दम्याचा पंप ओढतो, कोणी क्षयाच्या भीतीने झोप घालवतो. या विकाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कुजक्या गवतामुळे शेतकऱ्यांना होणाऱ्या याच जातीच्या फुप्फुसविकाराचे वर्णन इंग्लंडमध्ये 1932 साली कॅम्पबेल यांनी केले होते, म्हणजे दुखणे नवे नाही. तो सर्वांना होत नाही. पण ज्याला होतो त्याने महिनोन् महिने दुर्लक्ष केले, तर फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात आणि ते औषधाने पुसले जात नाहीत. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, यावर विसंबू नये. थुंकीची तपासणी जरूर करावी, आणि डॉक्टरांना "घरी मश्रूमची खोली आहे" हे वाक्य न विसरता सांगावे. आम्ही विचारतोच असे नाही.

तेव्हा पंखा चालू ठेवून घाम थांबवायचा. नळीला बाहेरून नायट्राईल रबराचे किंवा बंद छिद्रांच्या फोमचे वेष्टण द्यावे आणि प्रत्येक सांधा टेपने पक्का करावा. फट राहिली तर दमट हवा आत शिरून वेष्टणाखाली पाणी धरते, आणि तिथली बुरशी तर दिसतही नाही. गोणपाट गुंडाळणे म्हणजे बुरशीला अंथरूण घालणे. हवा बाहेर नेणाऱ्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार हवा. पंखा तासभर जोरात लावून मग बंद ठेवण्यापेक्षा हळू वेगाने सतत चालवावा. वीजबिल थोडे वाढेल. पण हवा कोंडली की धिंगरीचे देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात, हे शेतकऱ्यांना मी सांगायला नको. इथे पिकाचे आणि छातीचे हित एकच आहे.

नळी पुसताना वीज बंद करावी. कोरडा झाडू मारू नये, साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके घ्यावे. बुरशी दिसली की फॉर्मॅलिन फवारणारे काही जण भेटतात. बंद खोलीत तो प्रकार मला मुळीच मान्य नाही. छत्र्यांच्या कडा वर वळण्याआधीच तोडणी करावी. आत जाताना 2020 नंतर घरोघरी माहीत झालेला एन-95 मास्क लावावा, रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल, तर झोपण्याच्या खोलीला लागून ही लागवड नकोच. नळीचे बाहेरचे तोंड कोठे उघडते तेही एकदा जाऊन पाहावे. पुष्कळदा ते शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर असते.