काळे म्हणजे नेमके किती काळे?

"ह्यो टावेल ह्यांचा न्हाई," एवढेच काकी म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. 'ह्यांचा' म्हणजे तात्यांचा, माझ्या चुलत्यांचा. २०२३ च्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून आमच्या पिंपळीवरून काटेवाडीकडे निघाली, तेव्हा तात्यांनी तिच्याबरोबर चालत जाऊन व्हिडिओ घेतला होता. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर मंडळी पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. व्हिडिओच्या शेवटी कोणाच्या तरी हाती फोन देऊन तात्या स्वतः उभे राहिले आहेत. खांद्यावर टॉवेल आहे. तो टॉवेल गर्द हिरवा होता, हे आमच्या वस्तीवर लहान पोरसुद्धा सांगेल. मी संगणकावर उतरवून आणलेल्या चित्रात तो चुलीतल्या राखेसारखा दिसत होता. पायघड्या मळकट, पताका विटलेल्या, आणि काळी मेंढरे पांढऱ्या मेंढरांत मिसळून सगळा कळप एकाच रंगाचा झालेला.

तात्या २०२४ मध्ये गेले. त्यांचे चालते-बोलते चित्र आता एवढेच आहे.

असल्या यांत्रिक विषयावर वार्षिकात लेख कशाला, आणि तोही कला शाखेच्या मुलीने का लिहावा, असे काही वाचकांना वाटेल. वर्गातल्या एका मित्राने तर तोंडावरच सांगितले, "हे सायन्सवाल्यांचं काम आहे, तू आपली कादंबरी वाच." मला ते पटत नाही. यंत्राने चित्र बिघडवले म्हणजे यंत्र तसे सांगत नाही. पडद्यावर कोठे तांबडा दिवा लागत नाही. ज्याला टॉवेलचा रंग ठाऊक आहे तोच म्हणू शकतो की हे चुकले आहे. आमच्या घरात ते प्रथम कळले काकीला, आणि तिची शाळा तिसरीत सुटलेली आहे.

आता, चित्र असे 'उतरवावे' का लागले ते सांगते. तात्यांचा फोन विहिरीवर मोटार चालू करताना पाण्यात पडला आणि संपला. पुढे सिमकार्डही बंद झाले. व्हिडिओ सगळे एका संकेतस्थळावर 'खासगी' म्हणून ठेवलेले. त्या खात्याचा परवलीचा शब्द तात्यांबरोबर गेला. नवा मागवावा तर ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर जातो. परंतु टीव्हीच्या मागे तात्यांनीच लावलेली जी स्ट्रीमिंगची डबी आहे, तिच्यात मात्र ते खाते अजून उघडे आहे. टीव्हीवर व्हिडिओ दिसतात; डबीतून बाहेर काढता येत नाहीत. 'कमवा आणि शिका' योजनेत मी दृक्-श्राव्य खोलीत काम करते. तेथल्या सरांनी कॅप्चर कार्ड घरी न्यायला दिले. डबीची वायर कार्डात, कार्डातून एक वायर टीव्हीला आणि दुसरी संगणकाला. टीव्हीवर जे चालेल ते संगणकात नोंदले जाते. चित्रपट आणि मालिकांना डबी कुलूप घालते, तेथे कार्डावर नुसता काळा पडदा येतो. ते योग्यच आहे. स्वतःच्या व्हिडिओला आमच्या डबीने तसले कुलूप घातले नाही.

आणि तरीही टीव्हीवर हिरवा असलेला टॉवेल संगणकात राखाडी झाला. एकच वायर, एकच क्षण, आणि दोन रंग!

मी प्रथम जे केले तेच बहुतेक जण करतात. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला, रंग वाढवले. टॉवेल हिरवट झाला खरा, पण तात्यांचा चेहरा तांबूस पडला आणि काटेवाडीच्या आभाळात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उठले. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओत दाखवले. तेथला मनुष्य म्हणाला, "मूळचाच फोन तसला असेल, रंग भरून देतो, मिनिटाला इतके होतील." मूळ चित्र टीव्हीवर स्वच्छ दिसते हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. घरी वडील म्हणाले, "दिसतंय की, चालतंय." ह्या 'चालतंय'वर माझा खरा राग आहे, पण तो पुढे.

चूक एक नव्हती, दोन होत्या, आणि एकीच्या मागे दुसरी दडलेली होती. म्हणून तर ती सापडायला मला दिवाळीची निम्मी सुट्टी लागली.

पहिली चूक एचडीआरची. आपल्या नेहमीच्या टीव्हीचित्राचे माप असे ठरलेले आहे की पांढऱ्यात पांढरे म्हणजे सुमारे १०० निट इतका उजेड. निट हे पडद्याच्या तेजाचे एकक. एचडीआर ही नवी पद्धत; तिचे एक माप २०१४ साली ठरले, त्याला पीक्यू म्हणतात, आणि त्याची शिडी थेट १०,००० निटपर्यंत जाते. साहजिकच साधा पांढरा कपडा त्या शिडीवर वर नसतो, मधे असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे अशा पांढऱ्याचा उजेड २०३ निट धरतात आणि तो संदेशाच्या सुमारे ५८ टक्क्यांवर बसतो. ज्या यंत्राला ही नवी शिडी माहीत आहे, ते ५८ टक्के पाहून 'हे धोतर' असे समजते. ज्याला माहीत नाही, त्याच्या हिशेबी १०० टक्के म्हणजे पांढरे. ते ५८ टक्के पाहते आणि राखाडी रंगवते. रंगांचेही तसेच. एचडीआरमध्ये रंगांचे कुंपण मोठे असल्याने तोच हिरवा कमी आकड्यात लिहिला जातो, आणि जुन्या कुंपणात वाचला की विटका दिसतो. पायघड्या मळल्या कशा आणि टॉवेल राख झाला कसा, ह्याचे उत्तर एवढेच.

पण डबी कार्डाला असे चित्र पाठवते कशाला? येथे मला मोठी गंमत वाटली. डबी कार्डाशी बोलतच नव्हती. वायर जोडली की डबी पलीकडच्या यंत्राला विचारते, तुला एचडीआर कळते का? आमचे कार्ड मधे बसून तो प्रश्न टीव्हीकडे पोचवी. टीव्ही 'हो' म्हणे. डबी एचडीआर सोडी. टीव्ही ते बरोबर वाची, आणि मधल्या कार्डाने नुसतेच कान देऊन ऐकलेले असे. मला माझ्या पहिल्या वर्षाचे इंग्रजीचे तास आठवले. सर पुढच्या बाकांना विचारत, "समजले ना?" पुढचे बाक 'हो' म्हणत, आणि तास पुढे जाई.

उपाय साधा निघाला. डबीच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या पानावर डायनॅमिक रेंज म्हणून एक ओळ असते. तेथे 'नेहमी एसडीआर', म्हणजे नेहमीचेच साधे चित्र, असे ठरवून द्यायचे. मग टीव्ही काहीही म्हणो, डबी जुन्याच शिडीने पाठवते आणि कार्डाला ते कळते. ज्यांना डबीत ही सोय सापडत नाही त्यांनी टीव्हीची वायर काढून नुसत्या कार्डालाच डबी जोडून पाहावी. बऱ्याच साध्या कार्डांचे उत्तर 'मला एचडीआर कळत नाही' असेच असते, आणि तेवढ्याने काम होते. ओबीएस ह्या मोफत प्रोग्रॅममध्ये २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून एचडीआर खाली उतरवण्याची गाळणीही आली आहे. तिचा उपयोग ज्याचे कार्ड एचडीआर नीट ओळखते त्याला. आमच्यासारख्या स्वस्त कार्डाने चित्र आधीच चुकीचे वाचलेले असते. त्यापुढे गाळणी काय गाळणार?

टॉवेल हिरवा झाला. मी काकीला हाक मारणार, तेवढ्यात मेंढक्याच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे लक्ष गेले. ती अजून काळी नव्हती. धुके पडल्यासारखी होती.

ही दुसरी चूक, आणि ही माझी स्वतःची. तिचे मूळ जुने आहे. १९८२ साली आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले. त्याच वर्षी टीव्हीचे चित्र आकड्यांत कसे लिहावे ह्याचा जागतिक नियम प्रसिद्ध झाला, सीसीआयआर ६०१. त्यात ० पासून २५५ पर्यंतच्या आकड्यांपैकी काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ दिला. खाली-वर जागा मोकळी ठेवली, कारण संदेश कधी थोडा उसळतो, कधी थोडा खचतो. नीरा डावा कालवा काठोकाठ भरून कोणी सोडत नाही, वीतभर काठ राखतात, तसेच हे. परंतु संगणकाने हा काठ मानला नाही. त्याच्या लेखी काळे म्हणजे ० आणि पांढरे म्हणजे २५५. टीव्हीकडचे १६ संगणकाने जसेच्या तसे घेतले की काळे कधी पुरते काळे होत नाही, आणि पांढरे २३५ वरच अडते.

ओबीएसमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत 'कलर रेंज' विचारतात. 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात. मी पहिल्याच दिवशी 'फुल' निवडले होते. फुल म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे चांगले. अर्धवट कोण घेईल? नावाला भुलले. डबी पाठवत होती काठ राखून, आणि मी संगणकाला सांगून ठेवले होते की काठ नाहीच.

हे मी नुसत्या डोळ्याने ठरवले नाही. डोळा पाच मिनिटांत फिकट चित्रालाही सरावतो. मी संगणकावर एक पट्टी काढली, एका टोकाला निव्वळ काळे, दुसऱ्या टोकाला निव्वळ पांढरे, मधे करडे टप्पे. ती पेनड्राइव्हवरून डबीत लावली, कार्डातून परत घेतली, आणि उतरलेल्या चित्रावर रंगाचा आकडा सांगणारे साधन टेकवले. काळ्यावर १६ आला. पांढऱ्यावर २३५ आला. इतका आनंद मला बारावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. 'लिमिटेड' केले, पट्टी पुन्हा घेतली, ० आणि २५५. उलट चूक झाली असती, म्हणजे डबी पूर्ण आकडे पाठवते आणि संगणक काठ धरून बसतो, तर १६ च्या खालचे सगळे एकजात काळे झाले असते, आणि घोंगडीच्या सुरकुत्या, कपाळावरचा बुक्का, काळ्या मेंढराचे डोळे सारे एका डागात गेले असते. पट्टीने तेही कळते.

आता 'चालतंय'विषयी. माझे म्हणणे असे की फिकट चित्र मागाहून रंगवणे ही दुरुस्ती नव्हे. नोंदताना जे टप्पे गेले ते कॉन्ट्रास्ट वाढवून परत येत नाहीत. उरलेले टप्पे फक्त ताणले जातात, आणि मधल्या फटी आभाळात पट्टे होऊन दिसतात. रोग वायरीच्या ह्या टोकाला असताना औषध त्या टोकाला लावण्यातला हा प्रकार आहे. मराठी सिनेमालाही असा एक धडा मिळालेला आहे. प्रभातने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीत नेला आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. शांताराम बापूंना काकीसारखेच वाटले असेल की काय, कोण जाणे. पण त्यांना निदान ते चुकले हे कळले होते. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या नोंदी मी त्या खोलीत पाहते. कित्येक फिकट आहेत, आणि मूळ पुसून टाकलेले आहे. वेशभूषा कोणत्या रंगाची होती हे आणखी दहा वर्षांनी कोणाला विचारायचे?

म्हणून माझी सूचना अशी, आणि प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी तिचा विचार करावा. दृक्-श्राव्य खोलीत कोणतीही नोंद सुरू करण्यापूर्वी अर्धे मिनिट ती करडी पट्टी चालवावी आणि नोंदीच्या आरंभी तशीच राहू द्यावी. काही चुकलेच तर पुढच्याला निदान चूक किती आहे ते मोजता येईल. ह्याला पैसा लागत नाही. पट्टी मी करून ठेवली आहे.

काकीने दुसरा व्हिडिओ पाहिला तेव्हा ती काही म्हणाली नाही. तिने तो पुन्हा लावायला सांगितला, आणि तात्यांपाशी आल्यावर थांबवायला सांगितले. मग म्हणाली, "दिवाळीत घेतलेला. बाजारातनं."

डबीत अजून अकरा व्हिडिओ आहेत. खाते कधी मिटेल ह्याचा नेम नाही; वीज गेली की माझ्या पोटात गोळा येतो. काकीने टीव्हीच्या बटणावर माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेऊन भाताच्या शिताने चिकटवली आहे : 'बंद करू नये'.