जयघोष आणि लोकविश्वास

पुढारी लोकांच्या मनांत घर कसें करतो, याची चर्चा निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येक ओसरीवर चालते. कोणी वक्तृत्वाचें नांव घेतो, कोणी त्यागाचें, कोणी केवळ नशिबाचें. आमच्या मतें, लोकांपाशीं कांहीं मागण्यापूर्वीं त्यानें त्यांच्यासाठीं काय केलें, हें आधीं पाहावें.

लोकमान्य टिळकांचा जयघोष आपण सर्वच करतों. त्यामागचा क्रम मात्र विसरतों. १८९६ सालीं दुष्काळ पडला, तेव्हां पीक बुडाल्यास शेतसाऱ्याची सूट मागतां येते, हें सरकारच्याच नियमांत असूनहि कुणब्यास ठाऊक नव्हतें. टिळकांनीं तें ‘केसरी’तून समजावून दिलें, सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडीं जाऊन तेंच सांगूं लागले. सरकारला हें इतकें झोंबलें कीं, १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यता काढून घेतली. त्याच सुमारास प्लेगानें पुणें ओस पडूं लागलें. अनेक प्रतिष्ठित गांव सोडून गेले; टिळक राहिले आणि रोग्यांसाठीं इस्पितळ उभारण्यास झटले.

पुढें १९०८ सालीं त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. त्यांपैकीं पुष्कळांस अक्षरओळखहि नव्हती. मजुरीवर पोट असणारा माणूस ती बुडवितो, तो केवळ भाषणाला भुलून नव्हे.

विश्वास मिळाला तरी त्यास वाट करून द्यावी लागते. १९२० सालीं नागपुरास काँग्रेसची नवी घटना झाली व चार आण्यांत सभासद होतां येऊं लागलें. गांधीजींनीं अशा रीतीनें गरिबासहि राष्ट्रकार्यांत आपला वांटा दिला. ज्यास काम मिळालें, तो प्रेक्षक राहिला नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. पुढाऱ्याची तसबीर भिंतीवर लावणें सोपें. ग्रामसभेस किंवा प्रभागाच्या बैठकीस जाऊन पाण्याचा, शाळेचा हिशेब विचारणें कष्टाचें. ती जागा आपण रिकामी ठेवली, तर टाळ्यांवरच भागतें, हें पुढारी लवकर ओळखतो. यापुढें कोणी मत मागावयास दारीं आला, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं आणि सुनांनींहि दोनच प्रश्न विचारावे: अडचणीच्या दिवसांत आपण कोठें होतां, आणि निवडून आल्यावर आमच्याकडून कोणतें काम घेणार? उत्तर मिळेपर्यंत हाराची घाई करूं नये.