सांधा जोडला, फाइल मिटली

गेल्या दोन-तीन महिन्यांत टपालातून विम्याच्या नकारपत्रांच्या इतक्या प्रती आल्या, की त्यांची वेगळी फाइल करावी लागली. कंपन्या वेगळ्या, टीपीए वेगळे, गावं वेगळी. तक्रार मात्र एकच. रुग्णाच्या बोटाचं, अंगठ्याचं किंवा मनगटाचं फ्यूजन झालं, शस्त्रक्रियेचा दावा विनातक्रार मंजूर झाला आणि नंतरच्या थेरपीचं बिल परत आलं. कारण काय, तर सांधा कायमचा जोडलेला आहे, त्यात हालचाल परत येणं अपेक्षित नाही, सबब व्यायामोपचाराची वैद्यकीय गरज दिसून येत नाही.

पहिलं पत्र वाचून हसू आलं. दहावं वाचताना येत नाही. जो सांधा हलू नये म्हणून सर्जनने आत स्क्रू घातला, तोच हलवायला आपण रुग्णाला आठवड्यातून दोनदा बोलावतो, अशी टेबलापलीकडच्या डॉक्टरसाहेबांची समजूत दिसते. एमबीबीएसला हाताचं डिसेक्शन त्यांनीही केलं असेल. मधल्या बोटाचा डीआयपी जोडला आणि एफडीपी जागेवर चिकटला, तर अनामिका आणि करंगळीसुद्धा तळव्यापर्यंत पोचत नाहीत. तिघांचा स्नायू एक, एक अडला की बाकीचे अडतात. क्वाड्रिगाचं हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलंय. पीआयपी जोडलेल्या बोटाचा एमसीपी पहिल्या आठवड्यापासून हलवला नाही, सूज उतरवली नाही, हात गळ्यातल्या झोळीत लोंबकळत ठेवला, तर सहाव्या आठवड्याला एक्स-रे झकास आणि हात निकामी. थेरपी जोडलेल्या सांध्याची नसतेच, ती न जोडलेल्यांची असते. हे वाचकांना सांगायची गरज नाही. ज्यांना आहे ते हे मासिक घेत नाहीत.

दिवसांचा हिशेबही बघा. पुष्कळ पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंत मिळतो. बोटाचं फ्यूजन जुळायला सगळं सुरळीत असेल तर 6 ते 8 आठवडे लागतात, मनगटाच्या प्लेटला 10 ते 12. त्यात मधुमेह, तंबाखू किंवा पातळ झालेलं हाड असेल, तर त्याहून जास्त. एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसलं, के-वायर निघाली, स्प्लिंट सुटली, की मग पकडीवर जोर द्यायला सुरुवात करायची. म्हणजे कामावर परत जाण्याचं खरं प्रशिक्षण सुरू होतं त्या आठवड्यात पॉलिसीचे दिवस संपलेले असतात. पहिल्या दोन महिन्यांची बिलं ‘हालचाल अपेक्षित नाही’ म्हणून बाद आणि पुढची मुदत टळली म्हणून बाद. रुग्णाने थेरपी घ्यायची तरी कधी, हे एकाही पत्रात लिहिलेलं नाही.

आता स्प्लिंट. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, न मिळणाऱ्या बाबींची जी पहिली यादी घालून दिली आहे, तीत 68 नोंदी आहेत. टीव्हीचं भाडं, लाँड्री, मिनरल वॉटर, बेबी फूड, टेलिफोन. त्याच रांगेत खाली सर्व्हायकल कॉलर, आणि तिला लागून स्प्लिंट. इस्पितळांनी बिलात वाटेल ते घुसवू नये म्हणून ही यादी झाली आणि तो हेतू रास्तच होता. टीव्हीचं भाडं विम्यातून कशाला? पण दोन के-वायरवर उभं असलेलं फ्यूजन बाहेरून धरून ठेवणारी, त्या हाताच्या मापावर गरम पाण्यात मऊ करून घडवलेली थर्मोप्लास्टिकची गटर स्प्लिंट ही टीव्हीच्या ओळीत बसणारी वस्तू आहे का? आतली वायर मिळते, तिला सांभाळणारी बाहेरची पट्टी मिळत नाही. आपल्या वाचकांनी याचा परिणाम पाहिलेला आहे. रुग्ण औषधाच्या दुकानातून फोम लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी आणतो, स्वतःच वाकवतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो. मग वायरभोवतीची कातडी लाल होते आणि सगळे मिळून वायरला दोष देतात.

कारखान्यातल्या अपघाताच्या रुग्णांचं दुखणं निराळं. कायद्यातल्या भरपाईच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, दोन पेरं गेली तर 11, एक गेलं तर 9. जाग्यावर असलेलं पण सांधा जोडलेलं बोट त्या तक्त्यात कुठेच नाही. तिथे कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने ठरवायचं असतं, आणि ठरवायला त्याच्यासमोर आकडे लागतात. ते कुणी घेतलेले नसतात. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, लवकरच घेऊ.

इथवर वाचून ज्यांना बरं वाटलं, त्यांनी पुढचंही वाचावं. नकारपत्रांबरोबर आपल्या सभासदांनी दिलेल्या पावत्या आणि नोंदीही आल्या आहेत. त्यातल्या निम्म्या पाहून आम्हीच नकार दिला असता. ‘फिजिओ दिली, 10 सिटिंग.’ ‘वॅक्स, आयएफटी, एक्सरसाइज.’ कुठला हात, कुठलं बोट, कुठला सांधा, पहिल्या दिवशी एमसीपी किती वाकत होता, दहाव्या दिवशी किती, काही नाही. एका पावतीवर तर स्क्रू घातलेल्या अंगठ्याला एसडब्ल्यूडी दिल्याची नोंद आहे. धातूवर शॉर्टवेव्ह! टीपीएच्या डॉक्टरने ते बिल भलत्याच कारणासाठी नाकारलं, पण नाकारलं हे बरंच केलं. कमलाबाई निंबकरांनी केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय 1950 साली काढलं. पाऊणशे वर्षांनंतर त्याच मुंबईतली आपली मंडळी ‘10 सिटिंग’ लिहून सही ठोकत असतील, तर विमावाल्यांनी आपल्या कामाला मालिश समजू नये असा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?

सर्जन मंडळींचा वाटाही यात काही कमी नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी सुरू करावी’ एवढी एकच ओळ असते. सांधा किती अंशांत जोडला, वायर, टेन्शन बँड, स्क्रू की प्लेट, फिक्सेशन भक्कम वाटलं की जेमतेम, शेजारचे सांधे कधीपासून मोकळे, वजन कधी, वायर कधी काढणार? ही माहिती ऑपरेशन नोटमध्ये असते आणि ऑपरेशन नोट इस्पितळाच्या कपाटात. ती मिळवायला रुग्णाचा मुलगा दोन चकरा मारतो, तोवर बोटं आखडलेली. भक्कम स्क्रू असेल तर आपण चौथ्या-पाचव्या दिवशी बाकीच्या हाताला मोकळं करू. जेमतेम वायर असेल तर तसं धाडस करणार नाही. माहीतच नसेल तर घाबरट थेरपिस्ट काहीच करत नाही आणि धीट थेरपिस्ट नको ते करतो. कार्डावर चार ओळी लिहायला सर्जनला दोन मिनिटं लागतात. लिहिल्या नसतील तर फोन करा, उत्तर आपल्या नोंदीत तारखेसह उतरवा आणि विचारलं म्हणून कुणी रागावला तर रागावू द्या.

या सगळ्यात सर्वांत जास्त हेळसांड होते ती शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यांची. पीआयपीचे कोन सगळ्यांना पाठ आहेत: तर्जनी 40, मधलं 45, अनामिका 50, करंगळी 55. पुस्तकातले हे कोन मूठ वळण्याच्या सोयीने ठरले आहेत. रुग्ण दिवसभर मूठच वळतो असं नाही. मराठवाड्यातल्या एका वाचक भगिनींनी कळवलेली केस पाहा. बाई खानावळीला ज्वारीच्या भाकरी करून देतात. जुन्या फ्रॅक्चरनंतर उजव्या अनामिकेचा पीआयपी झिजलेला, दुखण्याने रात्रीची झोप नाही, फ्यूजन ठरलेलं. थेरपिस्टने आधी बोटाला 50 अंशांत स्प्लिंट करून दिली आणि सांगितलं, ही घालून घरचं सगळं काम करा. तिसऱ्या दिवशी बाई परत. परातीत भाकरी थापताना तळवा सपाट पडत नव्हता, वाकलेल्या बोटाचं पेर पिठात रुतून कड फाटत होती. स्प्लिंट गरम करून 30 वर आणली. भाकरी जमली, बादलीची कडी धरताना बोट जरा बाहेर राहायचं, पण ते चालेल म्हणाल्या. थेरपिस्टने हे कागदावर लिहून सर्जनकडे पाठवलं आणि सर्जननेही, त्यांचं कौतुक, 30 वर जोडलं. एकदा हाड जुळल्यावर हा शोध लागला असता, तर पुन्हा करवत लावण्यावाचून इलाज नव्हता.

ही चाचणी किती जण करतात? आमच्या माहितीतले फार थोडे. आणि करतात त्यांनाही स्प्लिंटचे पैसे रुग्णाच्या खिशातूनच घ्यावे लागतात, कारण पुन्हा तीच 68 नोंदींची यादी. बाईला भाकरी विचारावी, रिक्षावाल्याला ॲक्सिलरेटर आणि क्लच, तबलजीला चाट. डीआयपी सरळ जोडलेला बहुतेकांना चालतो, तिथे फारसं अडत नाही. अंगठ्याच्या सीएमसीला मात्र घाई नको. तो जोडल्यावर तळवा टेबलावर सपाट ठेवता येत नाही आणि अरुंद डब्यात हात जात नाही, हे रुग्णाला आधी कुणी सांगितलेलं नसलं की ‘ऑपरेशन बिघडलं’ अशी तक्रार होते.

तपासणी अर्जावर ‘धूम्रपान: नाही’ अशी टिक दिसली की पुढे जाऊ नका. आपल्याकडच्या बायका विडी ओढत नाहीत, मिश्री लावतात; पुरुष तंबाखू-चुना मळतात आणि त्याला व्यसनात धरत नाहीत. निकोटिन दाताच्या वाटेने गेलं तरी रक्तात जातं आणि न जुळणारं फ्यूजन पदरात टाकतं. थेट विचारा, सकाळी दात कशाने घासता? संधिवाताच्या रुग्णांबद्दल एवढंच, की शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करणारे बरेच भेटतात आणि मग शस्त्रक्रियेनंतर बाकीचे सगळे सांधे पेटतात. कुठलं औषध चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं, हे त्यांच्या संधिवाततज्ज्ञाकडून लेखी घ्यायला लावा.

आता कामाचं. नुसती ओरड करून यादी बदलणार नाही. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कुठलाही दावा कंपनीतल्या समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, आणि पूर्ण असो वा अंशतः, नकार देताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. नुसतं ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’ म्हणणं म्हणजे अट दाखवणं नव्हे. तेव्हा रुग्णाला पहिलं पत्र हेच लिहायला सांगा: कोणत्या कलमाखाली नाकारलं? काही पत्रांत ‘रिहॅबिलिटेशन वगळलेलं आहे’ असं उत्तर येतं. ते कलम काढून वाचा. ते विश्रांतीसाठी किंवा नुसत्या शुश्रूषेसाठी इस्पितळात भरती होण्याबद्दल आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या थेरपीशी त्याचा संबंध नाही. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार कायम ठेवला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालत नाही. तक्रार रुग्णाने करायची असते, आपण नाही. आपण तिला कागद जोडायचे.

आणि ते कागद आजपासून नीट करा. पहिल्या भेटीत गोनिओमीटरने सगळ्या बोटांचे सगळे सांधे, जोडलेला सोडून, सूज सेंटिमीटरमध्ये, परवानगी मिळाल्यावर डायनामोमीटर आणि पिंच गेज, दोन्ही हातांचे आकडे, रुग्णाचं काम काय आणि त्यातलं आज काय जमत नाही ते त्याच्याच शब्दांत. ‘उजवा एमसीपी 35 वरून 70’ असं लिहिलेल्या कागदावर ‘हालचाल अपेक्षित नाही’ असा शेरा मारताना समोरच्याला निदान एकदा थांबावं लागेल. ज्यांच्याकडे डायनामोमीटर नाही त्यांनी घ्यावा. दवाखान्यात मोठा टीव्ही लावायला पैसे होते, यालाही निघतील. आयएफटीचं दुसरं मशीन घेण्याआधी तर नक्कीच निघतील.

फ्यूजननंतरची थेरपी नाकारलेल्या प्रकरणांचा एक संच करून स्प्लिंटची नोंद त्या यादीतून काढावी अशी मागणी नियामकाकडे पाठवायची आहे. त्यासाठी प्रत्येकाने आपल्याकडचं किमान एक प्रकरण पुढच्या महिनाअखेरीपर्यंत पाठवावं: नकारपत्र, डिस्चार्ज कार्ड, आपल्या मापांच्या नोंदी, स्प्लिंटची पावती. ‘10 सिटिंग’वाल्या नोंदी पाठवू नयेत, त्या विरुद्ध बाजूच्या कामी येतील. रुग्णाची लेखी संमती घ्या. नाव, पत्ता, पॉलिसी क्रमांक झाका. नकारपत्रावरची आणि तक्रारीवर कंपनीने दिलेल्या उत्तरावरची तारीख तेवढी झाकू नका. लोकपालाकडे जाण्याची एक वर्षाची मुदत कंपनीने तक्रारीवर नकार कायम ठेवल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर तो महिना संपल्यापासून मोजतात, आणि आमच्या फाइलमधली तीन प्रकरणं त्या मुदतीच्या अगदी काठावर आहेत.