बोट कुणाचं, यंत्र कुणाचं?

बोट टेकवलं की फोन उघडतो, याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण ही करामत स्मार्टफोनवाल्यांनी शोधून काढली असा जो समज आपल्या होस्टेलमध्ये पक्का बसलाय, तो आधी मोडून काढू. नोव्हेंबर २००२ मध्ये, म्हणजे आपल्यातले बरेचजण जन्माला यायच्या आधी, एचपी कंपनीने ‘आयपॅक एच ५४५०’ नावाचा हातात मावणारा संगणक बाजारात आणला. त्यात वायफाय होतं, ब्लूटूथ होतं आणि समोरच्या बटनाच्या खाली बोटाचा ठसा ओळखणारी एक बारीक पट्टी होती! किंमत ६९९ डॉलर. त्या काळच्या रुपयांत तीस हजारांच्या वर. आता बोला!

आकडे ऐकून हसू येईल. प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झचा, रॅम ६४ मेगाबाइट. आज मेसच्या ग्रुपवर आलेला एखादा वाढदिवसाचा व्हिडिओसुद्धा त्यात धड मावला नसता. वायफाय ८०२.११बी जातीचं, कागदावर ११ मेगाबिट वेगाचं. तरीपण ज्या काळात नेट वापरायचं म्हणजे केबलला बांधून बसायचं, त्या काळात हे यंत्र खिशात टाकून फिरणाऱ्याचा रुबाब काय असेल याची कल्पना करा.

त्या पट्टीची गंमत इंजिनिअरांनी जरूर समजून घ्यावी. ती ॲटमेल कंपनीची होती आणि ठशाचा फोटो न काढता उष्णता मोजायची. सेन्सरची रुंदी १४ मिलिमीटर आणि उंची फक्त ०.४ मिलिमीटर! त्यावरून बोट ओढायचं. बोटाच्या रेषा पट्टीला टेकतात, रेषांमधल्या खाचा टेकत नाहीत. त्यामुळे तापमानात जो किंचित फरक पडतो तो पट्टी टिपते, आणि तुकड्यातुकड्यांनी आलेलं चित्र सॉफ्टवेअर जोडून घेतं. बोट नुसतं ठेवून बसलात तर तापमान सारखं होतं आणि चित्र पुसलं जातं. थर्मलच्या ओरलला कुणी विचारलं तर हे उदाहरण ठोकून द्या, मास्तर खूश!

आता दुसरी बाजू. एवढं भारी कुलूप, पण आतलं घर कसं होतं? त्या पिढीच्या पॉकेट पीसीमध्ये तुमची बरीचशी माहिती रॅममध्येच राहायची. बॅटरी पूर्ण उतरली की पत्ते, नोंदी, भेटीच्या वेळा सगळं स्वाहा. वायफायला संरक्षण होतं डब्ल्यूईपी पद्धतीचं, आणि ती पद्धत फोडता येते हे फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे दाराला बँकेच्या तिजोरीचं कुलूप आणि खिडकीला नुसता पडदा! कुलूप दिसलं की माणूस निर्धास्त होतो, खिडकीकडे बघतच नाही. हा दोष त्या एका यंत्राचा नाही, आपल्या सगळ्यांच्या स्वभावाचा आहे.

पण या जुन्या यंत्रात एक गोष्ट मात्र अगदी बरोबर होती, आणि तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. ती म्हणजे मालकी. यंत्र तुमचं. ठसा घेणारे तुम्ही, देणारेही तुम्ही. कुलूप कसं हवं हेही तुम्हीच ठरवायचं : नुसता पिन, नुसतं बोट, दोन्हीपैकी एक, किंवा दोन्ही मिळून. बोटाची भानगड नको वाटली तर सरळ पिनवर यायचं. ठसा होता तो तुमच्याच खिशातल्या डबीत. पुढे २०१३ मध्ये आयफोन ५एस आला तेव्हा ॲपलनेही हेच ठासून सांगितलं, की ठशाची माहिती फोनमधल्या एका वेगळ्या, बंदिस्त भागातच राहते, बाहेर जात नाही. अकरा वर्षांनंतरही मुद्दा तोच!

आता खिशातून बाहेर या आणि डिपार्टमेंटच्या दारापाशी उभे राहा. आज कितीतरी कॉलेजांत भिंतीवर हजेरीचं यंत्र असतं. बोट टेकवा, ‘थँक यू’ ऐका, आत जा. यंत्र का आलं हे सांगायला नको. प्रॉक्सी! चार जणांच्या नावाला एकाच आवाजात ‘प्रेझेंट सर’ म्हणण्याची आपली थोर परंपरा. तेव्हा तक्रार करायला आपलं तोंड जरा लहानच आहे, हे मान्य.

पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. ते यंत्र आपलं नाही. त्यातला ठसा नुसत्या यंत्रात राहतो, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जातो, की देखभाल करणाऱ्या एजन्सीकडे? आपण पास होऊन गेलो की पुसला जातो की तसाच पडून राहतो? हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? ॲडमिशनच्या वेळी रांगेत उभे राहिलो, बोट मागितलं, दिलं. झालं!

‘त्यात काय एवढं? आम्हाला काय लपवायचंय?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगणं आहे की पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. आणि ठशाची नक्कल होते, ही सिनेमातली गोष्ट राहिलेली नाही. ज्या साली आयपॅक आला त्याच साली, २००२ मध्ये, जपानच्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटं बनवून ठसे ओळखणाऱ्या ११ यंत्रांना फसवून दाखवलं. जिलेटिन म्हणजे जेली बनवायला वापरतात तेच! यंत्रात ठशाचं चित्र नसतं, फक्त खुणांचे आकडे असतात, असा खुलासा नेहमी केला जातो. पण त्या आकड्यांवरून ठशाचं चित्र पुन्हा उभं करता येतं, हे २००७ मधल्या संशोधनाने दाखवलं. आणि २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागातून चोरीला गेलेल्या माहितीत तब्बल ५६ लाख माणसांचे ठसे होते. त्या सरकारची ही गत, तर भिंतीवरच्या डबीचं काय?

आपल्या महाराष्ट्राला हा विषय लांबचा नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज त्याच बोटांवर रेशन मिळतं आणि बँकेतले पैसेही निघतात. म्हणजे हजेरीच्या यंत्रावर टेकवलेलं बोट आणि बँकेचं बोट एकच आहे. पासवर्ड सगळीकडे एकच ठेवू नका म्हणून कॉम्प्युटरचे सर ओरडतात, इथे तर देवानेच दहा दिलेत आणि आपण त्यातले दोनच वापरतो!

आणखी एक गोष्ट, जी आपल्या ध्यानात येत नाही. यंत्राला सगळ्यांची बोटं सारखी वाचता येत नाहीत. दिवसभर गरम पाण्यात आणि साबणात भांडी घासणारे मेसमधले काका-मावशी, झाडलोट करणारे कर्मचारी, वर्कशॉपमध्ये फाइल घासून घासून हात खरबडीत झालेले मदतनीस, यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र ‘ट्राय अगेन’ म्हणतं. आपली हजेरी चुकली तर टर्मवर्कचे मार्क जातात. त्यांची हजेरी चुकली तर दिवसाचा पगार जायची भीती. माणूस समोर उभा आहे, सगळे त्याला ओळखतात, आणि यंत्र म्हणतं ओळखत नाही. अशा वेळी खरं कुणाचं मानायचं?

यंत्र काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की आयपॅकच्या मालकाला जे मिळत होतं त्यातलं थोडं तरी आपल्याला आणि स्टाफला मिळावं. ठसा कुठे साठतो आणि कोण बघू शकतं, हे नोटीस बोर्डवर स्पष्ट लिहा. बोट नको असेल किंवा वाचलं जात नसेल तर कार्ड किंवा सहीचा पर्याय द्या, आणि तो मागणाऱ्याकडे संशयाने बघू नका. कॉलेज सोडताना ‘नो ड्यूज’च्या फॉर्मवर लायब्ररी, मेस, जिमखाना यांच्या सह्या घेतोच, त्यात ‘ठसा पुसला’ ही एक सही वाढवा. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिलाय. तेव्हा हे मागणं काही जगावेगळं नाही.

स्टुडंट कौन्सिलच्या येत्या मीटिंगमध्ये हा विषय यावा अशी विनंती आहे. प्राध्यापक मंडळी आणि ऑफिसातले लोकही त्याच यंत्रावर बोट टेकवतात, त्यामुळे या एका बाबतीत आपण आणि ते एकाच बाजूला आहोत. असा योग वारंवार येत नाही. बघा, पटतंय का!